पाण्यात टिकणारी नक्षी

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात मॅकेन्झी नावाची नदी आहे. कॅस्केड पर्वतरांगेत उगम पावून ती यूजीन शहराजवळ विलामेट नदीला मिळते. पाणी थंडगार, नितळ आणि खळाळतं, पात्रात जागोजाग खडक. या नदीत ट्राउट आणि स्टीलहेड मासे पकडणाऱ्यांनी गेल्या शंभर वर्षांत स्वतःच्या गरजेतून एक होडी घडवली. तिला 'ड्रिफ्ट बोट' म्हणतात. ही होडी आजही अनेक हौशी लोक गॅरेजमध्ये किंवा अंगणातल्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधतात. होडीचा आकार उभा राहिला की त्यांतले काहीजण आणखी एका नाजूक कामाला हात घालतात. वल्हेकऱ्याच्या बैठकीत उसळी मारणारा मासा, नाळेवरच्या तिकोनी फळीत दिशादर्शक तारा, काठाच्या पट्टीत अक्रोडाची काळसर रेघ. ही नक्षी ब्रशाने रंगवलेली नसते. एका लाकडात खाच करून तीत दुसऱ्या रंगाचं लाकूड तंतोतंत बसवलेलं असतं.

लाकडातलं जडावकाम आपल्याला पेट्या, पाट, देव्हारे आणि वाद्यांवर पाहायची सवय आहे. या वस्तू घरात, सावलीत, कोरड्यात राहतात. होडीचं तसं नाही. ती सकाळी पाण्यात असते, दुपारी उन्हात तापते, रात्री दवात भिजते आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने कोरडी पडून राहते. पेटीवर पन्नास वर्षं टिकलेली कारागिरी होडीवर एका मोसमात सुटून येऊ शकते. म्हणून होडीवरची नक्षी ही बांधणी संपल्यावर वरून चढवायची शोभा ठरत नाही. लाकूड, पाणी आणि डिंक यांचे जे नियम होडीला तरंगत ठेवतात तेच नियम पाळले, तरच ती नक्षी जागेवर राहते. हे नियम समजून घेतले की कामातली बरीचशी भीती जाते.

होडी कशी घडली

ड्रिफ्ट बोटीचा तळ आडव्या अंगाने सपाट आणि लांबीच्या दिशेने कमानदार असतो. दोन्ही टोकं पाण्यापासून वर उचललेली असतात, बाजू बाहेर झुकलेल्या असतात. त्यामुळे ती जागच्या जागी सहज वळते आणि उथळ पाण्यातूनही निघून जाते. वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो आणि वल्ही आपल्याकडे ओढतो, म्हणजे प्रवाहाच्या उलट जोर लावतो. होडीचा वेग नदीपेक्षा कमी राहतो. समोरचा खडक पाहून बाजूला सरकायला वेळ मिळतो आणि गळ टाकणाऱ्यालाही नीट नेम धरता येतो.

या आकाराच्या जडणघडणीत यूजीनचे दोन कारागीर महत्त्वाचे मानले जातात. टॉम कारहूस हे मूळचे नॉर्वेचे. वूडी हिंडमन यांनी आधी दोन्ही टोकं निमुळती असलेली होडी बांधली आणि नंतर तिचं एक टोक कापून तिथे छोटा उभा फळा बसवला. या फळ्यावर लहान मोटर किंवा नांगर लावता येऊ लागला. आजच्या लाकडी ड्रिफ्ट बोटींचा वंश बहुतांशी त्या रचनेपर्यंत जातो.

या होडीला घरगुती कामाच्या आवाक्यात आणलं ते प्लायवूडने, आणि प्लायवूडचा इतिहासही याच प्रदेशाशी जोडलेला आहे. १९०५ साली पोर्टलंडच्या जागतिक प्रदर्शनात पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने डग्लस फर लाकडाच्या पातळ थरांचे चिकटवलेले तक्ते मांडले. मात्र त्या काळचे डिंक पाण्यापुढे टिकत नव्हते. १९३४ साली शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन इथे हार्बर प्लायवूड कंपनीचे रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे जलरोधक डिंक तयार केला, आणि प्लायवूडला होडीचं दार उघडलं. अनेक फळ्या जोडून बाजू करण्याऐवजी एका लांब तक्त्यातून अख्खी बाजू कापता येऊ लागली. सांधे कमी झाले, म्हणजे गळतीच्या जागाही कमी झाल्या.

अशा साधारण १६ फुटी होडीच्या बाजूंना जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड पुरतं. भरीव लाकूड मोजक्याच जागी लागतं: काठाच्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्या, कोपरे बांधणारे गुडघ्याच्या आकाराचे तुकडे, नाळेवरची तिकोनी फळी, बैठका, वल्ही आणि वल्ह्यांच्या कड्या बसवायचे ठोकळे. नक्षीला जागा मिळते ती इथेच.

मासेमारीची सर्वांत देखणी होडी

मासे धरायच्या होडीवर एवढी कलाकुसर कशासाठी, असं कुणालाही वाटेल. त्याचं एक जुनं आणि सुंदर उत्तर प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर मिळतं. या द्वीपसमूहाच्या पूर्वेला असलेल्या मकिरा आणि आसपासच्या बेटांवर बोनिटो पकडण्यासाठी हलक्या, फळ्यांच्या होड्या बांधत. बोनिटो हा आपल्या कुप्याच्या कुळातला मासा. तिथे तो पवित्र मानला जाई, आणि मुलगा पुरुषांत गणला जाण्याच्या विधींमध्ये बोनिटोच्या शिकारीला मानाचं स्थान होतं. म्हणून ती होडीही साधी ठेवत नसत. काळ्या अंगावर शिंपल्यांचे चमकते तुकडे ओळीने जडवलेले, टोकांवर पक्षी आणि माशांच्या आकृती. याच बेटसमूहाच्या पश्चिमेकडच्या युद्धनौकांवर शिंपले जडवलेला एक कोरीव मुखवटा बांधत. 'न्गुझुन्गुझु' नावाचा तो मुखवटा आज त्या देशाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे.

जडावकाम शिकणाऱ्याने या होड्यांमधली एक गोष्ट नीट पाहावी. फळ्या एकमेकींना शिवून झाल्या की सांध्यांमध्ये एका रानफळाच्या बियांची कुटून केलेली लुगदी भरत. सुकल्यावर ती काळी आणि कडक होई आणि पाणी आत येऊ देत नसे. शिंपल्यांचे तुकडेही याच लुगदीत बसवत. होडीला जलरोधक करणारा पदार्थ आणि नक्षीला धरून ठेवणारा पदार्थ एकच होता. ओरेगनमधल्या आजच्या हौशी कारागिराच्या हातात त्या लुगदीच्या जागी इपॉक्सी हा दोन भाग मिसळून करायचा डिंक आला आहे. तत्त्व बदललेलं नाही.

लाकूड श्वास घेतं, त्याचा हिशोब

जडावकाम उखडण्याचं मुख्य कारण डिंक नसतो, लाकडाची हालचाल असते. हवेतला ओलावा वाढला की लाकूड फुगतं, कमी झाला की आकसतं. ही हालचाल सगळ्या दिशांनी सारखी नसते. तंतूंच्या लांबीत लाकूड जवळजवळ हलतच नाही. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंतचा फरक तिथे फार तर ०.१ ते ०.२ टक्के असतो. तंतूंना आडव्या दिशेने मात्र तो कितीतरी पट मोठा असतो, त्यातही वर्तुळांच्या कडेने सर्वाधिक. अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसन इथली प्रयोगशाळा १९१० पासून लाकडाचे असे गुणधर्म मोजत आली आहे. तिथल्या तक्त्यांनुसार वर्तुळांच्या कडेने होणारं पूर्ण आकुंचन कठीण मेपलमध्ये ९.९ टक्के, काळ्या अक्रोडात ७.८, डग्लस फरमध्ये ७.६ आणि सागात ५.८ टक्के आहे.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने पाहू. लाकूड फुगतं-आकसतं ते त्यातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली असताना. घरात सुकलेल्या मेपलच्या फळीत ८ टक्के ओलावा आहे आणि नदीवर काही दिवस राहून तो १४ टक्के झाला, असं धरू. फरक ६ टक्क्यांचा, म्हणजे तीसचा पाचवा भाग. ९.९ टक्क्यांचा पाचवा भाग जवळपास २ टक्के. म्हणजे १०० मिलिमीटर रुंदीची फळी सुमारे २ मिलिमीटर रुंद होणार. तेवढ्याच ओलाव्याने सागाची फळी सव्वा मिलिमीटरहूनही कमी वाढेल. आणि मेपलची फळी तंतूंच्या दिशेने, तेवढ्याच १०० मिलिमीटर लांबीत, वाढेल ती मिलिमीटरचे काही शतांश.

आता याच मेपलचा तुकडा सागाच्या फळीत आडवा बसवला, म्हणजे त्याचे तंतू फळीच्या तंतूंना काटकोनात ठेवले, तर काय होईल? फळी रुंदीत फुगेल, तुकडा त्या दिशेने हलायला तयार नसेल. लांबीच्या दिशेने उलट घडेल. डिंकाच्या पातळ थरावर दोन्हीकडून ताण येईल, आणि काही उन्हाळे-पावसाळे गेले की कडा सुटेल किंवा तुकड्यात चीर जाईल. म्हणून पहिला नियम असा की जडवायच्या तुकड्याचे तंतू आणि खालच्या फळीचे तंतू शक्यतो एकाच दिशेने ठेवायचे.

दुसरा नियम जाडीचा. फुगणाऱ्या तुकड्याचा जोर त्याच्या जाडीबरोबर वाढतो. दीड मिलिमीटरचा पातळ तुकडा फुगायला बघतो, पण खालचं लाकूड आणि डिंक त्याला आवरून धरतात. दहा मिलिमीटरचा ठोकळा कुणाला आवरत नाही. होडीवर दीड ते तीन मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. त्याहून पातळ व्हिनिअर पॉलिश पेपरखाली भोक पडण्याइतकं झिजतं.

मोठं चित्र करायचं असेल तर भरीव फळीऐवजी सागरी दर्जाचं प्लायवूड खाली घ्यावं. त्याच्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्यामुळे ते कोणत्याच दिशेने फारसं हलत नाही. चित्राचा थर एका बाजूला चिकटवला की दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा साधा थर चिकटवायचा. तो कुणाला दिसणार नसला तरी लावायचा, नाहीतर फळी वाकते.

नक्षीची जागा

लाकडात खाच केली की तेवढं लाकूड कमी होतं. बैठकीच्या पृष्ठभागावर याने काही बिघडत नाही. काठाच्या पट्टीवर मात्र बिघडतं. ही पट्टी होडीच्या बाजूवरून वाकवून बसवलेली असते आणि अख्ख्या होडीला आकारात धरून ठेवते. वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त ताण असतो.

पट्टीची वाकण सोसण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २० मिलिमीटर जाड पट्टीत तिच्या पूर्ण रुंदीभर ३ मिलिमीटर खोल चौकट कोरली, तर तिथे अखंड लाकूड १७ मिलिमीटर उरतं. १७ चा वर्ग २८९, २० चा ४००. म्हणजे त्या जागी ताकद सुमारे ७२ टक्के राहिली. खडकावर आदळणाऱ्या होडीला हा सौदा महाग पडतो. चौकटीत नंतर दुसरा तुकडा चिकटवला तरी मूळचे अखंड तंतू परत येत नाहीत.

पण त्याच पट्टीत लांबीच्या दिशेने ३ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर खोल अशी एकच रेघ ओढली, तर जवळजवळ सगळे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात आणि ताकदीत नगण्य फरक पडतो. म्हणून जाणते कारागीर काठाच्या पट्टीवर लांब रेघ ठेवतात. तारे, मासे, पानं यांना ते नाळेवरची तिकोनी फळी, मागच्या उभ्या फळ्याची आतली बाजू, बैठक आणि सामानाच्या पेटीचं झाकण अशा ठिकाणी बसवतात, जिथे लाकडाला वाकण्याचा ताण सोसावा लागत नाही. वल्ह्याच्या दांड्याला तर हातही लावू नये. पात्यावर पातळ रेघ चालते.

पायाखालची जागाही टाळावी. तिथे बुटांची वाळू नक्षी घासून काढते, आणि वार्निशने गुळगुळीत केलेल्या ओल्या तळावरून माणूस घसरतो.

रंग लाकडाचेच

ओरेगनच्या जंगलांनी या कामाला मोठा रंगसंच दिला आहे. पोर्ट ऑरफर्ड सीडर फिकट पिवळसर, कापताना आल्यासारखा वास येणारं. अलास्कन यलो सीडर लोण्याच्या रंगाचं. डग्लस फर तांबूस. मोठ्या पानांच्या मेपलमध्ये कधीकधी पाण्यावरच्या लाटांसारखी झळाळी सापडते. किनाऱ्याजवळ वाढणाऱ्या मर्टलवूडमध्ये करड्या-हिरवट-तपकिरी छटांची सरमिसळ असते. हे लाकूड तिथल्या लोकांच्या इतक्या जिव्हाळ्याचं, की १९३३ साली बँक बंद पडल्यामुळे रोख चणचण भासू लागली तेव्हा नॉर्थ बेंड या गावाने मर्टलवूडच्या चकत्यांची नाणी काढली होती.

निवड करताना आजचा रंग पाहून चालत नाही. उन्हात काही वर्षं राहिल्यावर काय उरेल, ते पाहावं लागतं. काळा अक्रोड उन्हात फिकट होतो, चेरी गडद होत जाते. केशरी-लाल दिसणारा आफ्रिकन पडौक तपकिरी पडतो, जांभळं पर्पलहार्टही तसंच. रंगीत लाकडांच्या भडक जोडीवर उभी केलेली नक्षी म्हणूनच काही काळाने एकसारखी तपकिरी दिसू लागते. फिकट आणि गडद यांच्यातला फरक मोठा असेल, तर रंग बदलले तरी आकृती वाचता येते. मेपलमध्ये अक्रोड ही साधी जोडी याच कारणाने इतकी लोकप्रिय आहे.

गडद लाकूड म्हटलं की आपल्याला शिसव आठवते. शिसव आणि तिच्या कुळातली जवळपास सगळी लाकडं २ जानेवारी २०१७ पासून वन्यजीव-वनस्पती व्यापाराच्या 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुसऱ्या यादीत आहेत. देशाबाहेर नेताना त्यासाठी परवाने लागतात. हौशी कारागिराने अक्रोडावर किंवा जुन्या फर्निचरच्या उरलेल्या तुकड्यांवर भागवावं, हे कायद्यालाही धरून आहे आणि जंगलालाही.

रेघ, पट्टा आणि चित्र

सुरुवात रेघेपासून करावी. बारीक पात्याच्या राउटरने किंवा खतावणीसारख्या हातहत्याराने एकसारख्या खोलीची खाच ओढायची आणि तीत गडद लाकडाची पट्टी बसवायची. पट्टी खाचेपेक्षा किंचित जाड ठेवायची, म्हणजे डिंक वाळल्यावर ती रंध्याने किंवा स्क्रेपरने पृष्ठभागाशी समतल करता येते. पट्टी हाताच्या दाबाने आत जावी. ठोकावी लागली तर ती फार घट्ट आहे. अशी पट्टी डिंक बाहेर ढकलून टाकते आणि पुढे फुगल्यावर कडेचं लाकूड उचलते.

रेघेनंतर नक्षीदार पट्टा. चौकटी, तिरप्या रेषा, वेणी अशी लहान आकृती लांबवर पुन्हा पुन्हा येत राहते. ती एकेक तुकडा बसवून केली तर आयुष्य पुरणार नाही. युक्ती अशी, की वेगवेगळ्या रंगांचे पातळ थर आणि काड्या आधी एकत्र चिकटवून ठोकळा करायचा आणि मग त्या ठोकळ्याचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तीच आकृती येते. या युक्तीशी मुंबईचं जुनं नातं आहे. इराणच्या शिराझमधून आलेलं 'सादेली' काम सुरत आणि मुंबईत रुजलं, आणि हस्तिदंत, शिंग, आबनूस आणि जस्त-कथलासारख्या धातूच्या काड्यांची जुडी बांधून, तिचे काप काढून नक्षी केलेल्या पेट्या एकोणिसाव्या शतकात 'बॉम्बे बॉक्स' या नावाने इंग्लंडला जात. ओरेगनमधला कारागीर मेपल आणि अक्रोडाचा ठोकळा कापतो तेव्हा रीत तीच असते. फरक एवढाच की होडीसाठी त्या ठोकळ्यात धातू आणि हस्तिदंत घालता येत नाहीत. धातू ओलाव्याने फुगत नाही, शेजारचं लाकूड फुगतं, आणि ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात तुकडे सुटू लागतात. शिवाय हस्तिदंताच्या व्यापारावर आज कडक बंधनं आहेत.

चित्रासाठी सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे तिरपा काप. माशाच्या लाकडाचा पातळ तुकडा वर आणि पार्श्वभूमीचा खाली, असे दोन थर एकमेकांवर चिकटपट्टीने धरायचे आणि बारीक पात्याच्या करवतीने दोन्ही एकदमच कापायचे. करवतीचं टेबल थोडं तिरपं केलेलं असतं. पातं जेवढं लाकूड खातं तेवढी फट दोन तुकड्यांत राहायला हवी. पण तिरप्या कापामुळे वरचा तुकडा खालून निमुळता आणि वरून रुंद होतो. तो खालच्या भोकात बाटलीच्या बुचासारखा उतरतो आणि फट बुजते.

टेबल किती तिरपं करायचं, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. कोनाचा साइन म्हणजे पात्याच्या कापाची रुंदी भागिले एका थराची जाडी. पातं पाव मिलिमीटर लाकूड खात असेल आणि थर दीड मिलिमीटरचे असतील, तर भागाकार ०.१६७ येतो आणि कोन साडेनऊ अंशांच्या आसपास. थर ३ मिलिमीटरचे असतील तर पाच अंशही पुरतात. ०.६ मिलिमीटरच्या बाजारी व्हिनिअरला मात्र जवळपास २५ अंश लागतात, आणि एवढ्या तिरकस कापात बारीक टोकं तुटतात. जाड थर घेण्याचं हे आणखी एक कारण. कापताना दोन पथ्यं पाळायची. आकृतीभोवती फिरण्याची दिशा शेवटपर्यंत एकच ठेवायची, नाहीतर निमुळतेपणा उलटा होईल. आणि पातं ओवण्याचं बारीक भोकही त्याच तिरप्या कोनात पाडायचं.

माशाला गोलाई द्यायची ती सावलीने. लोखंडी तव्यात बारीक वाळू तापवायची आणि तुकड्याची कड चिमट्याने धरून काही सेकंद तीत बुडवायची. वाळूच्या उष्णतेने लाकूड करपत जातं, कडेला गडद आणि आतल्या बाजूला हलकं. रंग लावून ही छटा येत नाही, कारण करपणं लाकडात खोलवर गेलेलं असतं आणि पुढच्या घासण्यात पुसत नाही. ट्राउटच्या अंगावरच्या ठिपक्यांसाठी अक्रोडाच्या बारीक गोल काड्या भोकांत बसवाव्यात. काडीचं आडवं छेदलेलं टोक वर येतं. ते वार्निश जास्त शोषून घेतं आणि आणखी गडद दिसतं. माशाच्या ठिपक्याला तेच हवं असतं.

डिंक आणि ऊन

घरगुती होडीबांधणीत इपॉक्सीला आज जे स्थान आहे, ते १९७० च्या दशकात तयार झालं. १९६३ साली इंग्लंडमध्ये आलेल्या 'मिरर' होडीने प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर काचतंतूची पट्टी चढवायची सोपी पद्धत लोकांपर्यंत नेली. मिशिगनमधल्या बे सिटीच्या मीड, जॅन आणि जोएल गॉजन या भावांनी १९७० साली 'अडाजिओ' ही तीन अंगांची शिडाची होडी इपॉक्सीच्या भरवशावर बांधली आणि लाकडाला सर्व बाजूंनी इपॉक्सीत बंद करण्याचं तंत्र रूढ केलं. लाकडात ओलावा झिरपण्याचा वेग त्यामुळे खूप मंदावतो. हालचाल मंदावली की जडावकामावरचा ताणही उतरतो.

इपॉक्सीचा दुसरा गुण म्हणजे त्याला फार घट्ट दाब लागत नाही आणि ते बारीक फट भरून काढतं. गडद लाकडाचा भुसा त्यात मिसळला की सांध्यातली फट रेघेसारखी दिसते. पण काही पथ्यं सक्तीची आहेत. साग, शिसव अशी तेलकट लाकडं चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून लगेच डिंक लावायचा. दोन भागांचं प्रमाण अचूक मोजायचं. पहिला थर वाळल्यावर कधीकधी वर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही.

रंग पसरण्याचा धोकाही इथेच असतो. पडौकसारख्या लाकडाचा लाल रंग स्पिरिटमध्ये विरघळून शेजारच्या मेपलमध्ये उतरतो, अक्रोडाची काळी धूळ फिकट लाकडाच्या छिद्रांत बसते. म्हणून फिकट लाकडावर आधी चपड्या लाखेचा पातळ हात द्यावा आणि समतल करताना पॉलिश पेपरऐवजी धारदार स्क्रेपर वापरावा. स्क्रेपर लाकडाची सालपटं काढतो, धूळ करत नाही.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळं, ठिसूळ आणि खडूसारखं होतं. त्यावर किरण रोखणाऱ्या सागरी वार्निशचे सहा ते आठ हात लागतात आणि दर मोसमाला ते ताजे करावे लागतात. शिवाय नेहमीचं इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या होडीवरचं काळसर लाकूड तेवढं तापू शकतं, म्हणून वापरात नसताना होडीवर फिकट रंगाचं कापड ओढून ठेवावं. ओरेगनमधल्या जुन्या लाकडी होड्या आजही चकाकतात, त्या मालकांनी त्यांना छपराखाली ठेवलं म्हणून.

कारागिराच्या शरीराचीही तितकीच काळजी घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. करवतीपाशी आणि घासताना चांगला मुखपट्टा लावावाच. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते आणि मग हे कामच सोडावं लागतं. हातमोजे आणि मोकळी हवा यांत कंजुषी करू नये.

पहिलं काम कोणतं घ्यावं

सोळा फुटी होडीच्या नाळेवर पहिली नक्षी कोरण्याची गरज नाही. मासा उचलून घ्यायची हातजाळी हे शिकण्यासाठी उत्तम काम आहे. ॲशच्या पातळ पट्ट्या वाफवून साच्याभोवती वाकवायच्या, एकावर एक चिकटवायच्या, आणि दोन्ही टोकं जिथे मिळतात तिथे मुठीचा तुकडा बसवायचा. वाकण, चिकटवणं, रेघ, चित्र आणि वार्निश ही सगळी कामं एवढ्याशा वस्तूत येतात. मुठीच्या सपाट भागात छोटा तारा किंवा पान जडवलं, की ती जाळी एक मोसम नदीत वापरायची. ती भिजेल, तापेल, आदळेल. मोसमाच्या शेवटी सांध्यावरून नख फिरवून पाहायचं. कड कुठे उचलली असेल तर तंतूंची दिशा, जाडी, डिंक की वार्निश, कशात चूक झाली ते तिथेच वाचता येतं. ही परीक्षा लहान वस्तूवर झाली तर होडी वाचते.

नक्षीच्या निमित्ताने माणूस आपल्या होडीतलं प्रत्येक लाकूड ओळखू लागतो: कोणती पट्टी ताण सोसते, कोणती फळी किती फुगते, ऊन कुठे पडतं, पाणी कुठे साचतं. विकत घेतलेल्या फायबरच्या होडीत हे कळायची कधी वेळच येत नाही. मॅकेन्झीच्या काठी आणि मकिराच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी आपल्या कामाच्या होडीवर इतका वेळ घालवला, तो वाया गेला असं म्हणता येत नाही. ज्याने आपल्या होडीतल्या माशाचे कल्ले एकेक करून कापून बसवले आहेत, तो तिच्या सांध्यातली पहिली बारीक चीरही इतरांच्या आधी पाहतो. वेळेत दिसलेली चीर डिंकाच्या एका थराने बुजते आणि होडी आणखी कित्येक वर्षं पाण्यावर राहते.